रत्नम्मांची हिरवी टिकली

रत्नम्मांनी नकाशावर हिरवी टिकली लावली तेव्हा मी शेजारीच उभा होतो आणि तोंड मिटून होतो. त्याची टोचणी अजून जात नाही.

आमच्या गल्लीसमोरचा रस्ता ओलांडला की त्यांच्या थोरल्या बहिणीचं, दाक्षायणी अक्कांचं घर. अक्कांना दिसत नाही. नऊ वर्षं रत्नम्मा रोज दुपारी तव्यावरची भाकरी फडक्यात गुंडाळून पलीकडे जात. अक्का आधी भाकरीवर तळहात ठेवत, ऊन लागली की हसत आणि मगच घास मोडत.

पुढे रस्त्यात दुभाजक बसवायचं ठरलं. माणसांना ओलांडायला वाट कुठं ठेवायची हे रहिवाशांनाच विचारावं, म्हणून नगरपालिकेच्या साहेबांनी शाळेत सभा घेतली. भिंतीवर भला मोठा नकाशा. ओलांडताना धोका वाटतो तिथं लाल टिकली, त्रास नाही तिथं हिरवी. लाल जास्त दिसतील तिथं वाट ठेवू, असं साहेबांनी दोनदा सांगितलं.

रत्नम्मांनी लाल टिकली उचलली आणि परत ठेवली.

"आपल्याच दारात अपघात चिटकवू व्हय? अक्का राहती की तितं."

मागच्या बायकांनाही ते पटलं. भरल्या घरासमोर अभद्र कशाला? बघता बघता आमचा कोपरा हिरवागार झाला. मला सगळं कळत होतं, पण त्या बायकांपुढे अपघाताचं नाव काढायला माझीही जीभ रेटली नाही. आणि म्हणे मी शिकलेला.

वाट गेली अर्धा किलोमीटर लांबच्या चौकात. आमच्यासमोर छातीएवढा सलग दुभाजक उभा राहिला.

आम्ही अर्ज घेऊन गेलो. साहेबांनी शांतपणे नकाशाचा फोटो दाखवला. "आजी, इथं त्रास नाही असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"व्हय, मीच लावली टिकली," रत्नम्मा म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. अर्ज तसाच हातात घेऊन आम्ही परतलो.

आता त्या दुखरे गुडघे ओढत चौकातून वळसा घेतात. अक्कांना यातलं काही सांगितलेलं नाही. कळलं तर त्या 'येऊ नको' म्हणतील.

काल मी सोबत गेलो होतो. अक्कांनी भाकरीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"रत्ना, गॅस संपला का गं तुझा?" त्यांनी विचारलं.

रत्नम्मांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"व्हय अक्का," त्या म्हणाल्या, "संपलाय."