आई सभेत बोलली ते

मी कॉलेजला निघाले त्या सकाळी आईनं शेळ्या शेजारच्या चंदाकाकीवर सोपवल्या आणि ती मला पोचवायला जीपमधून पौडपर्यंत आली. पुढं पुण्याची बस. खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "कुनाला काय इचारायचं आसंल तर इचार. लाजू नको." बस वळेपर्यंत ती तिथंच उभी होती. मी कुठल्या कॉलेजात जातेय, कुठं राहणार, यातलं तिला काहीच नीट ठाऊक नव्हतं.

आता मी त्याच कॉलेजात ॲडमिशनचं काम करते, महाळुंग्यात फ्लॅटमध्ये राहते. मुळशीच्या डोंगरातल्या मुली बारावीनंतर घरीच बसतात, म्हणून यंदा थेट त्यांच्या घरच्यांशी बोलायचं ठरलं. कल्पना माझीच. पहिली सभा आमच्या वाडीवर घ्यायची आणि आईनं दोन शब्द बोलायचे, हेही मीच ठरवलं. काय बोलायचं ते फोनवर सांगूनही ठेवलं होतं.

शाळेच्या व्हरांड्यात माणसं जमली. सोबत कॉलेजातल्या आमच्या मॅडम होत्या. मी होस्टेल, शिष्यवृत्ती, सगळं समजावून सांगितलं. चंदाकाकीची सविता हुशार, नुकतीच बारावी झालेली. काकीनं माझं ऐकून घेतलं आणि आईकडे वळून म्हणाली, "वैनी, तुमी सांगा. लेक धाडलीत, पुढं काय झालं?"

आई बसल्या जागेवरूनच बोलली. "लेक आपल्या पायावर उभी हाय, त्येचा मला लई आनंद हाय. पर ती आता पावन्यावानी येती. चहा पिऊन हुईस्तवर गाडी बघती. पदवी मिळाली तवा काळे झगे घालून फोटू काढले त्यांनी. बाकीच्या पोरींच्या आया हुत्या फोटूत. मी त्यो फोटू पुतन्याच्या मोबाईलवर बघितला."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. त्या समारंभाला घरच्यांना बोलवा, असं आम्हाला सांगितलं होतं. मी घरी कळवलंच नव्हतं.

"तरी चंदे, सविताला धाड," आई म्हणाली. "पर नुसती धाडू नको. संगं जा. खोली बघ, तितल्या बायांशी बोल, परत परत जा. मला कुनी बोलावलं न्हाई, आन मी बी आपनहून गेले न्हाई."

प्रवेशाच्या दिवशी चंदाकाकी सविताला घेऊन आली. बरोबर आईही होती. तिनं होस्टेलच्या रेक्टरबाईंना विचारलं, पोरगी आजारी पडली तर घरी कोण कळवतं. मग मला म्हणाली, "तू कुटं ऱ्हात हुतीस?" मी वरची खिडकी दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. "वारं येतं का?" एवढंच विचारलं. इतक्या वर्षांत एवढंही मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ऑफिसातली माणसं जात-येत होती. 'ही माझी आई' असं प्रत्येकाला सांगताना माझे कान तापत होते. तिच्यामुळे नव्हे, उशिरामुळे.

संध्याकाळी माझ्याकडे राहा म्हटलं, तर ती काकीबरोबर परत गेली.

वाडी सोडून शहरात आलेल्या माझ्यासारख्यांना घर म्हणजे काय ते मी काय सांगू? पूर्वी मी फोनवर "उद्या येतेय" म्हणायचे. आता "येऊ का?" असं विचारते. आई म्हणते, "ये की." आणि ती तसं म्हणेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.