आईसोबतचा पहिला चहा

आई परभणीला आणि मी हैदराबादेत, बरकतपुऱ्यात; पण सकाळचा पहिला चहा आम्ही एकत्र घ्यायचो. लग्न होऊन इथं आले तेव्हापासूनचा हा नेम. मी गॅसवर आधण ठेवायचे, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबायचे, की पलीकडून आवाज यायचा, "जयभीम बाई. च्या ठिवलास का?" मग दोघी फुरके मारत तिच्या गल्लीच्या आणि माझ्या ऑफिसच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचो. चांगलं बोलायला दिवस पडलाय, असं तिचं म्हणणं.

पुढे मला थायरॉइड निघाला. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, सकाळी रिकाम्या पोटी घ्यायला सांगितली. मी इमानदारीत घेत होते, तरी दर तपासणीला आकडा वरच. गोळी वाढायची. तोंड सुजायचं, फणीत केसांचा पुंजका यायचा आणि दुपारी ऑफिसच्या खुर्चीतच डोळे मिटायचे.

नवऱ्याने यावर संशोधन केलं, अर्थात फोनवरच. मोबाइलच्या रेडिएशनने हार्मोन बिघडतात, आणि गळा तर फोनच्या अगदी जवळ, असं कुठूनतरी आलेलं त्याने घरच्या ग्रुपवर टाकलं. मी हसून सोडून दिलं. आईने सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला नाही, म्हणून मीच केला.

"ठिव बाई फोन," ती म्हणाली. "माझ्या बोलण्यापायी तुझा गळा चाललाय."

मी समजावलं, चिडले, पण तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यानंतर फक्त रविवारी फोन, तोही साहेबी थाटाचा. "बरी हाईस ना? गोळी घेतीस ना? ठिवते." माझं उत्तर पुरतं ऐकायचीसुद्धा नाही. मला वाटायचं, रेडिएशनची घाई. राग यायचा.

चहा मात्र मी चालू ठेवला. एकटीच्या चहाला चव नसते, पण सवय. कप आणि सोबत गोळी.

दोनेक वर्षांनी आमच्या डॉक्टरीणबाई गाव सोडून गेल्या, म्हणून काचीगुड्याच्या नव्या बाईंकडे गेले. कागद बघून त्यांनी विचारलं, "गोली कैसे लेरे आप?"

"खाली पेट. चाय के साथ."

"चाय के साथ लिये तो खाली पेट कैसे हुआ जी?"

आमच्याकडे चहा पोटात धरतच नाहीत. दोन कप चहा झालेला माणूसही दुपारी म्हणतो, सकाळपासून पोटात काही नाही. बाईंनी समजावलं, चहा गोळी अंगी लागू देत नाही. पाण्याने घ्या आणि तासभर थांबा. मी रेडिएशनचं विचारलं. "उसका पक्का किसी कू नै मालूम," त्या म्हणाल्या. "चाय का पक्का मालूम है."

पुढच्या तपासणीला आकडा उतरला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही.

रागापायी दोन वर्षं तिकडे फिरकले नव्हते; हे सांगायला मात्र मी परभणीलाच गेले. आईने दार उघडलं, मी बोलत राहिले आणि ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे कान गेले होते. रविवारी ती उत्तर ऐकत नव्हती, कारण तिला ते ऐकूच येत नव्हतं. रोज बोलत असतो तर मला आठवड्यात कळलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही.

कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून ती काढून ठेवते. फोनचा दोष नव्हता असं लिहून दाखवलं तर म्हणते, माझं मन राखायला लिहितीस. आता सकाळी आम्ही व्हिडिओ कॉल करतो. गोळीनंतरचा तास सरला की मी कप वर करून दाखवते, ती तिचा दाखवते.

"आई, फोन नव्हता गं, चहा होता!" मी ओरडते.

ती मान डोलावते, हसते आणि हाताने खुणावत म्हणते, "हां बाई. पण फोन लांब धर."