सावलीत वाळवायचे बूट

शर्यत संपली की बाकीच्या मुली रस्त्याच्या कडेला आडव्या पडायच्या, पाणी मागायच्या. शेवंता भोईर आधी बूट काढायची. ते उलटे धरून तळव्यावरच्या पट्ट्यांचे खिळे अंगठ्याने एकेक दाबून बघायची. मध्येच कोणी अभिनंदन करायला आलं, तर मान वर न करता म्हणायची, "थांब. आधी यांचं बघू दे. मी कुटं पलून चाल्लेय?"

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघी जिल्ह्याच्या संघासाठी सायकल चालवायचो. शेवंता अंबरनाथजवळच्या पालेगावची, भातशेती करणाऱ्या घरातली. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात ती धागे कापायला जायची, रोज सायकलने. तिचे पाय त्या रस्त्याने घडवले होते. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. मला सायकल वाढदिवसाला मिळाली होती आणि शर्यतीचे बूट मामाने परदेशातून आणले होते.

शर्यतीच्या बुटाचा तळवा लाकडासारखा ताठ असतो आणि त्याला खाच असलेली एक पट्टी ठोकलेली असते. ती खाच पॅडलवर बसली की पाय सुटत नाही, चढावर पॅडल खाली दाबता येतं तसं वरही ओढता येतं. असे बूट तेव्हा इकडे कुठे मिळत नसत. शेवंताने माझे बूट नमुन्याला मागून घेतले आणि कॅम्पातल्या एका सिंधी बूटवाल्यापुढे ठेवले. तो लग्नाचे चकचकीत बूट शिवणारा माणूस. "इतना कड़क तला? चलोगी कैसे?" त्याने विचारलं. "चलने का नहीं है साईं, जीतने का है," शेवंता म्हणाली. तीन वेळा तिने ते बूट उसवायला लावले. चौथ्यांदा पाय घालून बघितले आणि थेट पिशवीत टाकले. बूटवालाच म्हणाला, "चलो, बच गया."

त्या बुटांची निगा ती रागावल्यासारखी करायची. जुन्या दात घासायच्या ब्रशने चिखल झाडायचा, पण वाळल्यावरच. ओला चिखल पुसला तर तो चामड्यात शिरतो. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं. साबण नाही. हवेसाठी पाडलेली भोकं काडीने मोकळी करायची. आतला पातळ तळ काढून वेगळा ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ते ओले झाले की बदलायचे. वाळवायचं ते सावलीत, वाऱ्याला. पूर्ण वाळल्यावर एरंडेलाचं एक बोट. मी एकदा माझे बूट उन्हात ठेवले, तर तिने ते उचलून माझ्या मांडीवर आपटले. "चामड्याला कलतं गं, आपन किती घाईत हाव ते," ती म्हणाली. "आज नाय बोलनार. चढावर बोलंल."

राज्याच्या संघासाठी निवड होती तेव्हा आमचं शिबिर बदलापूरच्या एका शाळेत भरलं. सायकल संघटनेचे सचिव स्वतः हजर होते. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. त्यांची भाचीही निवडीत होती. शनिवारी सरावाच्या वेळी भाचीच्या बुटाचा पट्टा तुटला, तेव्हा साहेबांनी व्हरांड्यातले शेवंताचे बूट उचलून तिला दिले. शेवंता आंघोळीला गेली होती. तिला कोणी विचारलं नाही. परतीचा पाऊस होता. तासाभराने ते बूट आले तेव्हा चिखलात बुडवून काढल्यासारखे होते.

पुढचं मी बघितलं. संध्याकाळी चहा घ्यायला मी शाळेच्या स्वयंपाकघरात गेले होते. साहेबांनी ते बूट नळाखाली धरून धुतले आणि पेटलेल्या भट्टीच्या कट्ट्यावर ठेवले. मला म्हणाले, "बघ, अर्ध्या तासात कडकडीत वाळतील. उगाच कटकट नको तिची."

मला माहीत होतं काय होणार ते. हात लांब केला असता तर बूट माझ्या हातात आले असते. मी चहाचा कप घेऊन बाहेर आले. साहेबांची भीती होती, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या दोघींचीच निवड होणार होती आणि शेवंता माझ्यापेक्षा वेगवान होती, हेही माझ्या मनात येऊन गेलं. आज लिहितानाही स्वतःचा संताप येतो.

सकाळी शेवंताने बूट हातात घेतले. चामडं पापडासारखं झालं होतं, तळव्याचं टोक वर वळलं होतं. तिने ओल्या फडक्याने बूट गुंडाळले, एरंडेल लावलं, दगडाने खिळे पुन्हा ठोकले. पण तळवाच वाकला होता, खिळे धरणार कुठे? निवडीच्या शर्यतीत कर्जतच्या बाजूने परत येताना शेवटच्या चढावर तिच्या उजव्या बुटाची पट्टी उखडली आणि पाय पॅडलवरून निसटला. तोपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. उरलेला रस्ता तिने जवळजवळ एका पायावर मारला. कल्याणची एक मुलगी पहिली आली, मी दुसरी, शेवंता माझ्या मागे एका चाकाच्या अंतराने. साहेबांची भाची कुठेतरी दहावी आली. म्हणजे त्या सगळ्याचा कोणालाच उपयोग झाला नाही, माझ्याशिवाय.

शेवंता थेट साहेबांच्या टेबलापाशी गेली आणि बूट त्यांच्या कागदांवर ठेवले. "कुनी भाजले हे?"

"आवाज खाली," साहेब म्हणाले. "बूट खराब होते म्हणून हरलीस. स्वतःच्या वस्तू सांभाळता येत नाहीत?"

स्वतःच्या वस्तू सांभाळता येत नाहीत! तिला! तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं. शेवंताने माझ्याकडे वळून विचारलं, "माधवी, तू चायला गेलेलीस. तू बगलंस?"

"मी काही पाहिलं नाही," मी म्हणाले.

तिला कळलं. मी खोटं बोलतेय हे तिला तिथल्या तिथे कळलं. तिने बूट उचलले आणि सायकल हातात धरून चालत निघून गेली. तिच्या तक्रारीवर साक्षीदार नाही असा शेरा पडला आणि 'बेशिस्त' म्हणून तिला वर्षभर बाहेर ठेवलं. घरी बाबा म्हणाले, "तू यात पडू नकोस, तुझं करिअर आहे." ते करिअर दोन वर्षांत संपलं.

दहा-अकरा वर्षांनी साहेबांच्या सत्काराची पत्रिका घरी आली. 'खेळाडूंचे आधारवड' असं छापलं होतं. माझं डोकं भणभणलं. तशीच उठून पालेगावला गेले. शेतांच्या जागी इमारतींचे खांब उभे राहत होते. शेवंता दारात बसून सायकलचं चाक सरळ करत होती. गावातल्या मुलींना ती शर्यतीसाठी तयार करते, हे मी ऐकलं होतं.

"माफी मागायला आले," मी म्हणाले.

"माफी घिऊन मी काय करू? तवा सही पायजे होती."

"आता देते."

तिने आत जाऊन वहीतला कागद फाडून आणला. उंबऱ्यावर बसून मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. 'बूट भट्टीजवळ राहिल्यामुळे खराब झाले' या वाक्यावर तिने मला थांबवलं.

"ऱ्हायले? बूट चालत गेले का भट्टीवं? कुनी ठेवले ते लिव."

मी साहेबांचं नाव लिहिलं.

"आन तू कुटं होतीस?"

मी तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी संघटनेच्या कचेरीत गेलो. कारकून पत्र वाचून हसला. "एवढं जुनं? आता काय उपयोग, मॅडम?"

"उपयोग तू नको बगू," शेवंता म्हणाली. "शिक्का मार." शिक्का मिळेपर्यंत ती टेबलासमोरून हलली नाही. सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. त्या पत्राला उत्तर कधीच आलं नाही.

कचेरीच्या पायऱ्यांवर मी तिला विचारलं, "मला माफ केलंस?"

"नाय." तिने सायकलचं कुलूप काढलं. "पन सकाली सहाला ये. पोरी पंधरा हायत आन रस्त्यावं मी एकटी."

मी पावणेसहाला पोचले. मुली रांगेत उभ्या होत्या. शेवंता पुढे निघाली आणि जाता जाता मला म्हणाली, "तू शेवटच्या पोरीच्या मागं ऱ्हा. कुनाला काय झालं तं मोठ्यान हाक मार. गप बसू नको."