द्राक्षशर्करा आणि सासऱ्यांची वाटी

नव्या पुस्तकांत ग्लुकोज आलं होतं, तरी मी वर्गात द्राक्षशर्कराच म्हणायचो. शब्द भारदस्त होता आणि माझ्यात भारदस्त असं दुसरं काही नव्हतं. वर्ध्याच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो. मिशी नवी होती आणि लग्न त्याहून नवं.

सासुरवाडी आष्टीजवळच्या तळेगावची. सत्तरचं दशक संपत आलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्यांना साखरेचा आजार निघाला. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी गोड बंद केलं आणि घरी लघवी तपासायला एक निळं औषध नि काचेची नळी दिली. औषधात थेंब टाकून नळी तापवायची. रंग निळा राहिला तर ठीक, विटकरी झाला तर साखर. घरात रसायन शिकलेला एकटा मीच. त्यामुळे अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आमरसाला बोलावलं जावई म्हणून, आणि बसवलं न्हाणीजवळ, हातात चिमटा देऊन.

अखाजीला पितरांना रस दाखवल्याशिवाय त्या घरात कुणी आंबा तोंडाला लावत नसे. सासऱ्यांचा जीव वर्षभर त्या वाटीत अडकलेला. सासूबाईंनी मात्र बजावलं होतं, "नळी निळी निंगाली तर रस, नाई तर नाई."

नळी निळी राहिली.

"पास झालो!" सासरे ओरडले. मग खाली वाकून मला म्हणाले, "परवापासून नुसत्या ताकावर हावो. पास व्हा लागत होतं ना!"

मी गंभीर झालो. "मामाजी, नळी आधी खाल्लेल्याचं सांगते. पुढं खायचा परवाना नाही तो. रक्तातली द्राक्षशर्करा..."

"जावईबापू, आपल्या गावात संत्रा हाय. द्राक्ष कोनं लावले?"

ओसरीवरचे सगळे हसले. माझ्या भारदस्त शब्दाचा तिथंच चोथा झाला.

पानं वाढली. रस, कुरड्या, भजी. सासऱ्यांची वाटी काठोकाठ. पण पहिल्या रसाला जावयानं रुसायचं असतं. तो घासाला हात लावत नाही, सासरा काय हवं ते विचारतो आणि मागेल ते देतो. तोवर सासऱ्यालाही जेवता येत नाही. मी मनगटी घड्याळ मागणार हे बायकोनं आधीच कळवलं होतं. घड्याळ आणूनही ठेवलं होतं.

"बोला जावईबापू, काय पाह्यजे?" सासऱ्यांचा एक डोळा वाटीवर.

"तुमची वाटी."

माझी चुलत सासू कुजबुजली, "घड्याळ सोडून रस मांगून राह्यला. काऊन वं?"

"शिकेल हाय ना," दुसरी म्हणाली.

सासऱ्यांचा चेहरा पाहवेना. पण पंगतीत जावयाला नाही म्हणायचं कसं? त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "घ्या. पन पुरी खा लागते. माह्या डोयासमोर."

दोन वाट्या रस खाऊन मी तिथंच आडवा झालो. घड्याळ मेव्हण्याच्या मनगटावर गेलं.

पुढं हा रिवाजच पडला. दर अखाजीला सासरे आपली वाटी भरून घेत, डोळे भरून पाहत आणि माझ्यापुढं सरकवत. "घ्या, तुमची द्राक्षशर्करा." जावई रसाचा लई हावरा आहे, असं त्यांनी आष्टीच्या बाजारापर्यंत पसरवलं. मीही त्यांची अट पाळत गेलो आणि पँट सैल करून घेत गेलो.

ऐंशीचं दशक सरता सरता एकदा मलाच चक्कर आली. घरी तसल्याच चिमट्यात नळी धरली. विटकरी. वर्गात मुलांना दाखवतो त्याहून सुरेख विटकरी.

त्या अखाजीला मी खाली मान घालून पानावर बसलो. सासऱ्यांना बायकोनं सगळं सांगितलेलं. त्यांनी आपला पाट उचलला आणि माझ्या पाटाला भिडवून मांडला. इतका खुललेला चेहरा मी लग्नातही पाहिला नव्हता.

"लई वर्सं एकटाच भाकर खाऊन राह्यलो होतो," ते म्हणाले आणि आत ओरडले, "वं, यायले बी ताक वाढजो!"

आमच्या दोन्ही वाट्या त्यांच्या लेकीकडे गेल्या. ती कुरडी बुडवून मन लावून खात होती. सासरे बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्या कानाशी आले.

"जावईबापू, आता पोरीची बी नळी तपासा लागते."