गोणपाटाचा पडदा

माझ्या नीतिशास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग आयुष्यात एकदाच झाला, आणि त्यातून एक गोणपाटाचा पडदा तयार झाला. बाकीची सगळी वर्षं मी बेळगावच्या कॉलेजात माणसाची प्रतिष्ठा शिकवली. माणसाला कधी साधन मानू नये, हे वाक्य मी इतक्यांदा फळ्यावर लिहिलं की खडू हातात घेतला की ते आपोआप उमटे. शहरातल्या मंडळींत मला मान होता. माझ्या गावी, निपाणीला, तर जास्तच. तिथं कुणी माझं व्याख्यान ऐकलेलं नव्हतं.

तिथं आमच्या शेजारी एक आक्का राहायची. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनंच मला जेवू घातलं होतं. ती तंबाखूच्या वखारीत चाळायला जायची. संध्याकाळी सुटताना दारावरचा मुकादम बायकांची झडती घ्यायचा. पदर झटका, ओटी सोडा, सगळं रस्त्यावरच्या लोकांदेखत.

एकदा मी सुटीत घरी गेलो तेव्हा ती आली.

"तुला मालक लई मानत्यात म्हनं. तेवढी झडती बंद कराय सांग की रं. आता सून बी येती माझ्यासंगं. तिच्यादेखत मला चोरागत झाडत्यात, माझ्यादेखत तिला."

मालक मला मानत, हे खरं. आपल्या वडिलांच्या नावानं ते कॉलेजात नीतिशास्त्राची व्याख्यानमाला सुरू करणार होते. पहिला वक्ता मी.

वखारीत गेलो. त्यांनी गादीवर बसवलं, चहा मागवला. मी माणसाच्या प्रतिष्ठेवर बोललो, आणि बरा बोललो. ते डोळे मिटून ऐकत होते.

"पटलं," ते म्हणाले. "मग झडती बंद करू म्हणता?"

'करा' एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांच्या आवाजात किंचित गारवा आला होता, आणि व्याख्यानमालेची तारीख अजून ठरायची होती.

"बंद असं नव्हे," मी म्हणालो. "पण आडोसा असावा. बाईची झडती बाईनं घ्यावी."

मालकांनी डोळे उघडले. मुकादमाला म्हणाले, "बघ, शिक्षण म्हंतात ते हे!"

तासाभरात दाराशी दोन बांबू रोवले आणि गोणपाट ताणलं. निघताना मालकांनी खास तंबाखूचा पुडा माझ्या कोटाच्या खिशात कोंबला. बायका सुटल्या होत्या. आक्का रांगेत पुढंच होती.

"ह्ये काय रं?"

"आडोसा, आक्का. आता कुणाला दिसणार नाही."

"दिसतंय म्हनून आलतो व्हय मी तुझ्याकडं? चोर समजून हात लावत्यात, त्याचं सांगितलंतं." मग तिची नजर माझ्या फुगलेल्या खिशावर गेली. "आनि तुला कोन बघनार?"

"प्रोफेसरला बी घ्या की आत!" मागून कुणीतरी ओरडली. बायका खिदळल्या.

मुकादमानं मला सलाम ठोकला आणि वाट करून दिली. मी बाहेर पडलो. आक्का पडद्याआड गेली नाही. तिथंच, माझ्याकडे बघत, तिनं आपल्या हातानं पदर झटकला, ओटी सोडून दाखवली आणि चालू लागली. दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतलं नाही.

व्याख्यानमाला थाटात सुरू झाली. तत्त्व व्यवहारात कसं उतरतं, याचं उदाहरण म्हणून मी पडदा सांगितला. टाळ्या पडल्या. पुढं विभागप्रमुखही झालो. आक्काचं मात्र आजवर कुणापाशी बोललो नव्हतो. मालक दरवर्षी पुडा पाठवतात. मी तंबाखू खात नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलंय. पुडे पुस्तकांमागे ठेवतो. माझ्या नीतिशास्त्राला अजून कसर लागलेली नाही.

निपाणीला गेलो की मागच्या बोळातनं घरात शिरतो. परवा तिथंच आक्काच्या सुनेनं गाठलं. मला वाटलं, आता काय ऐकावं लागतंय.

"पडद्याला लई भोकं पडल्यात," ती म्हणाली. "मालकांस्नी सांगून तेवढा नवा लावाय सांगा."

सांगितलं. लगेच लावला. यावेळी भाषणही करावं लागलं नाही.