सुमनचा आवाज मी काढायचे

न्हाई ओ, तो आवाज तिचा न्हाईच.
तोंड तिचं. बोलणारी दुसरीच.

जुन्या इंग्रजी गुप्तहेरांच्या पिक्चरमधल्या बाया म्हणतेय मी. काय ते डोळे, काय ते केस. पण एकेक कुठल्या कुठल्या देशाची, इंग्रजी बोलताना अडखळायच्या म्हणं. मग दुसरीच बाई स्टुडिओत बसून त्यांचं बोलायची. एकीनं तर कितीजणींचं केलं.

हे माझ्या पुतणीनं मोबाईलवर वाचून दाखवलं, तर तिची आई आयब्रो करता करता थांबली. हातात दोरा, खुर्चीत गिऱ्हाईक, एक भुवई झालेली, एक तशीच.

"अक्का, म्हणजे मेकअप खरा अन् आवाज खोटा?"

मी म्हणलं, आपल्याकडं उलटं हाय. तुझ्या पार्लरमधनं बाई बाहेर पडली की तिचा आवाज तेवढाच खरा उरतो.

गिऱ्हाईक हसलं, दोरा सरकला. त्या पोरीची एक भुवई महिनाभर बारीक होती.

दोरा धरणारी ती सुमन. माझी धाकटी जाऊ. दिघीत घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर.
आज तिला जाऊन महिना झाला.

पार्लरच्या टीव्हीवर ते पिक्चर ती लावायची. गोष्ट बघायला न्हाई, आयलायनर बघायला. बाई पाण्यात पडून वर आली तरी लायनर जागचा हलत न्हाई, याचा तिला लई राग.

इंग्रजी आमाला दोघींना कुठं येतंय. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत. मग टीव्हीचा आवाज बंद करून बायांचे डायलॉग मी मारायचे. हिरोनं पिस्तूल काढलं की माझी हिरॉइन म्हणायची, आधी हातपाय धुवा, मग ताटावर बसा.

सुमन हसून हसून खाली बसायची.

आमचे हे गेले तेव्हा चौदाव्या दिवशी तिनं मला त्याच खुर्चीत बसवलं. दारात बायका कुजबुजत होत्या. तिनं दार लावलं अन् माझ्या डोळ्यांना लायनर लावला.

म्हणाली, "रडायचं तर रड. वॉटरप्रूफ हाय."

मग तिच्याच घशात गाठ निघाली.
ऑपरेशनमध्ये आवाज गेला. सगळा.

गळ्याला भोक राहिलं. त्यावर ती रेशमी स्कार्फ सैलसर बांधायची, पिक्चरमधल्या बाईवानी, गाठ एका बाजूला. बोलायचं ते पाटीवर लिहायची.

तिची आई महाळुंग्यात. नव्वदीची, अंथरुणावर, डोळे गेलेले. गुरुवारी सुमनच्या भावाच्या कंपनीला सुट्टी, तो घरी असायचा. सुमन फोन करायची अन् तो आईच्या कानाला लावायचा. एक गुरुवार चुकला न्हाई कधी.

आवाज गेल्यावरचा पहिला गुरुवार आला. सुमननं फोन लावला अन् माझ्या हातात दिला. पाटीवर लिहिलं, "कर डबिंग."

केलं. तिचं ते नाकातनं "आये" म्हणणं, वाक्य संपताना आवाज चढवणं. वीस वर्षं चिडवलं होतं तिला त्यावरनं, सगळं पाठ होतं.

एकदा आईनं हट्टच धरला, भेटायला ये म्हणून. दोघी गेलो. सुमन आईचा हात धरून खाटेवर, मी तिच्या पाठीमागं उभी.

आईचा हात चाचपत गळ्यापाशी गेला. "सुमे, हे काय बांधलंयस?"

"फॅशन हाय आये."

सुमनला हसू आलं. अंग गदगदलं, आवाज न्हाई. मग मागनं मला तिचं हसू पण काढावं लागलं.

सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात आईनं विचारलं, जावई का न्हाई आले.

मी म्हणलं, "भावजींची फर्स्ट शिफ्ट हाय."

झालं. भावजी तो माझा, दीर म्हणून. बायको नवऱ्याला भावजी म्हणती का कुठं? सुमन जन्मभर "आमचे हे" म्हणत आली.

सुमननं वळून माझ्याकडं बघितलं. आईचा हात स्कार्फवरच थांबला. भाऊ भिंतीकडं बघतोय.
मग आई म्हणाली, "बरं. च्या टाका."

सुमन गेली त्या दिवशी सवाष्ण म्हणून तिला सजवायला बायका जमल्या. मला पुढं येऊ देईनात. विधवेचा हात नको.

तिचा नवरा म्हणाला, "वैनी, लायनर तुमीच लावा. दुसरीचा तिला चालायचा न्हाई."

लावला मी. डाव्या डोळ्याचा वाकडा गेला. ती असती तर पुसून परत काढायला लावला असता.

आईला सांगितलं न्हाई. भाऊ म्हणाला, एवढ्यात नको, तिला सोसायचं न्हाई. मातीला आला तो आईला लग्नाला जातो सांगून आला.

तवापासनं चार गुरुवार झाले. चारी फोन मीच केलेत.

परवाच्या गुरुवारी फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "सुमे, तुझ्या जावेला म्हणावं, घसा जप. एकटीनं किती बोलायचं बाईनं."

मी फोन ठेवला.

सुमे, जा आता सुखानं. तिकडं गेल्या गेल्या तुझा आवाज मागून घे. तुझी अक्का हात जोडते.

अन् एक राहिलं. दवाखान्यात सगळ्यांनी मला विचारलं होतं, शेवटी तिनं पाटीवर काही लिहिलं का. मी न्हाई म्हणाले.

लिहिलं होतं.
"मी गेले की आईला खरं सांग अक्का. माझा आवाज बंद कर."

मी ते पदरानं पुसलं.

आईला सोसायचं न्हाई म्हणून न्हाई पुसलं.
मलाच तिचा आवाज सोडवत न्हाई.