काचेखालची खुर्ची

आमच्याच जिन्यावर राहणारी कुनेगुंडा पिश्चेक शिकागोतल्या एका बँकेत सोळा वर्षं फरशी पुसत होती. कत्तलखान्यात कामाला असलेला नवरा वारला, तेव्हाही तिने एकाच दिवसाचा खाडा केला. कोणापुढे पदर पसरणं तिला ठाऊक नव्हतं. पसरला तो एकदाच, मुलीसाठी.

पोला त्याच बँकेत टायपिंगला लागली. तिची नजर अधू. कुनेगुंडा आठवडाभर हेडक्लार्कच्या मागे लागली आणि मधल्या दालनात, काचेच्या छताखाली, भरपूर उजेडाची खुर्ची तिने मुलीला मिळवून दिली. मग हे पुराण ऐकून ऐकून आमचे कान किटले.

जुलैत मात्र त्या काचेखाली नुसती भट्टी.

"आई, भाजून निघते गं मी तिथे."

"उन्हाने कोणी मरत नाही. किती नाकदुऱ्या काढल्यात मी! उठून तर बघ तिथून."

पोलाने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप रोझाशी खुर्ची बदलली. रोझाही टायपिंगलाच होती. आमच्याच गल्लीतल्या तेओडोराची एकुलती एक.

एकोणीसशे एकोणीस सालातला तो सोमवार. शहरावर फुग्याचं भलंमोठं जहाज घिरट्या घालत होतं आणि कामधंदा सोडून आम्ही सगळे माना वर करून उभे. पाचच्या सुमाराला त्याने पेट घेतला आणि ते बँकेचं काचेचं छत फोडून आत कोसळलं.

कुनेगुंडा धावत गेली. दाराशी पोलिसाने अडवलं.

"काचेखालच्या खुर्चीवरची मुलगी?"

"गेली, बाई."

 तेवढ्यात काजळीने माखलेली पोला समोर आली, धडधाकट. कुनेगुंडाने आधी तिच्या कानफटात मारली, मग तिला कवटाळून मोठमोठ्याने देवाचे आभार मानले. तिथे कोण बसलं होतं, हे तिने नंतर विचारलं.

रोझाला पुरून आल्यावर तेओडोराकडे जेवण होतं. सगळं खरं सांगून टाकायचं ठरवूनच कुनेगुंडा आली होती.

"त्या खुर्चीबद्दल बोलायचं होतं," तिने सुरुवात केली.

"ठाऊक आहे गं," तेओडोरा म्हणाली. "तुझ्या पोलाने न मागता आपली उजेडाची जागा माझ्या रोझाला दिली. कोण देतं आजकाल? चांगलं वळण लावलंस पोरीला."

आणि तिने सॉसेजचा मोठा तुकडा कुनेगुंडाच्या ताटात वाढला.

मी शेजारीच बसले होते. मला सगळं माहीत होतं, मीही बोलले नाही. कुनेगुंडाने तो तुकडा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.